दोन सुतांचा प्रश्न: रोह्याच्या वर्कशॉपमध्ये लाकडातली कबड्डी

हा भाग ज्यांनी हेडफोन लावून ऐकलाय त्यांना मागे चाललेली खर्रर्र खर्रर्र आठवत असेल. ती करवत होती, तुमच्या फोनचा काही दोष नाही. ज्यांना गाडीत नेट मिळत नाही किंवा वाचायलाच जास्त आवडतं, त्यांच्यासाठी हे लिहून काढलंय. बोलताना माझं जे विस्कळीत झालं होतं ते थोडं सावरलंय. मामाचं बोलणं मात्र जसंच्या तसं ठेवलंय.

रेकॉर्डिंग सुरू होतं तेच मामाच्या प्रश्नानं. हातात कटर, समोर टेबलावर कागदाएवढी पातळ लाकडाची पत्री, आणि मामा विचारतो, "बोट कुठं ठेवू?"

या एका प्रश्नावर आमचे दोन महिने गेले. पण तो कळायला आधी थोडं मागं जावं लागेल.

मामा रोह्यात सुतारकाम करतो. दरवाजे, किचनच्या ट्रॉल्या, देवघरं, जे येईल ते. तरुणपणी तो कबड्डी खेळायचा. आमच्याकडं यात विशेष काही नाही. रायगडात गावागावात संघ आहेत. भातकापणी उरकली की मैदानं आखली जातात आणि थंडीभर कुठं ना कुठं रात्रीचे सामने चालू असतात. पेण आणि रोहा यांच्या मधल्या पट्ट्यात, नागोठण्याच्या अलीकडच्या एका गावात अशीच एक स्पर्धा बऱ्याच वर्षांपासून भरते. गावाचं नाव घेत नाही, कारण पुढं जे सांगणार आहे त्यावर तिथं अजून भांडणं होतात. त्या मंडळाला स्पर्धेच्या आठवणीसाठी काहीतरी कायमचं हवं होतं. फ्लेक्स दोन पावसाळ्यांत उडतो आणि ट्रॉफ्या तर कपाटात पडून आहेतच. कुणीतरी म्हणालं, लाकडाचं चित्र करा. प्रसंग कुठला, यावर मात्र सगळ्यांचं लगेच एकमत झालं: नव्वदच्या दशकातली ती फायनल. रोह्याकडचा संघ विरुद्ध पेणकडचा संघ, शेवटची चढाई.

चढाईपटू होता माझा मामा.

तो काळ लक्षात घ्या. १९९० साली बीजिंगच्या आशियाई खेळात कबड्डी पहिल्यांदा पदकाचा खेळ म्हणून आली आणि भारतानं सुवर्ण जिंकलं. त्यानंतरची काही वर्षं आमच्याकडचा प्रत्येक पोरगा आपण बीजिंगलाच निघालोय अशा थाटात मांडीवर थाप मारायचा. प्रो कबड्डी यायला अजून खूप अवकाश होता, ती २०१४ ची. म्हणजे मॅट नाही, चारी बाजूंनी कॅमेरे नाहीत, निर्णयावर रिव्ह्यू नाही. पाणी मारून दाबलेली माती आणि तिच्यावर चुन्याच्या फक्कीनं आखलेल्या रेषा.

मैदानाची मापं इथंच सांगून ठेवतो, पुढं लागतील. पुरुषांचं कबड्डीचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. मधोमध मध्य रेषा. तिच्यापासून दोन्हीकडं ३.७५ मीटरवर निदान रेषा आणि त्यापुढं एक मीटरवर बोनस रेषा. चढाईला ३० सेकंद. तेवढ्यात गडी बाद करून, दम न सोडता, मध्य रेषेपर्यंत परत यायचं. पकडला गेलास तरी ओढत, घसटत बोट रेषेला लावलंस तर तू सुटलास, आणि ज्यांनी ज्यांनी धरलं होतं ते सगळे बाद.

त्या रात्री रोह्याचा संघ एका गुणानं मागे होता. पेणच्या डाव्या कोपऱ्यानं मामाचा घोटा धरला, मागून आणखी दोघे येऊन पडले. मामा पोटावर पडला आणि हात पुढं टाकला. रेषेला बोट लागलं असेल तर तीन गुण आणि चषक. लागलं नसेल तर खेळ खलास. सरपंचांनी शिट्टी मारली आणि चढाईपटू बाद दिला. (बाहेरच्या मंडळींसाठी: कबड्डीत मुख्य पंचाला सरपंच म्हणतात. ग्रामपंचायतीशी काही संबंध नाही.) रेषेवरची फक्की बघून ठरवू म्हणावं, तर तोवर तिच्यावरून पंधरा-वीस पाय गेले होते.

मामाचं म्हणणं आजही एकच: "लागलं होतं."

आता चित्राकडं येतो. या कलेला जगभर मार्केट्री म्हणतात. नाव ऐकून मला आधी बाजाराशी संबंधित काही वाटलं होतं, तसं काही नाही. आपल्याकडं लाकडाच्या जडावकामाला साधारण एकाच नावानं ओळखतात, पण त्यात दोन वेगळे प्रकार आहेत. एकात जाड फळी घेतात, तिच्यात पटाशीनं खाचा पाडतात आणि त्या खाचेत दुसऱ्या लाकडाचा तुकडा बसवतात. म्हैसूरचं शिसवी जडावकाम, ज्याला जीआय मानांकन आहे, ते मुळात या जातीचं. तिथल्या राजवाड्यातल्या शिसवी दारांवर हस्तिदंत असंच बसवलेलं आहे. मार्केट्रीत फळी कोरतच नाहीत. वेगवेगळ्या लाकडांच्या पातळ पत्र्या घ्यायच्या, सुतार त्याला विनियर म्हणतात. त्यातून एकमेकांत बसणारे तुकडे कापायचे, कोडं जुळवल्यासारखं सगळं चित्र आधी जुळवायचं आणि मग ती अख्खी चादर प्लायवर चिकटवायची. दुकानातलं विनियर साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचं असतं. पॉलिश पेपर जरा जोरात फिरवला की आरपार खालचा प्लाय दिसतो. मामानं एकदा तो पराक्रम केलाय, त्याबद्दल विचारू नका.

इटलीत पंधराव्या शतकात या कामानं कळस गाठला. उर्बिनोच्या ड्यूकच्या महालात १४७० च्या दशकात केलेली एक छोटी खोली आहे. तिच्या भिंतींवर अर्धवट उघडी कपाटं, पुस्तकं, वाद्यं दिसतात आणि ती सगळी सपाट लाकडातून केलेली आहेत. फोटो शोधून बघा, हात लावून बघावासा वाटतो. पण मला जास्त मजा वाटली ती मुंबईची गोष्ट वाचून. एकोणिसाव्या शतकात मुंबई आणि सुरतेत सादेली नावाचं काम चालायचं, त्यात पारशी कारागीर बरेच होते. लाकूड, हस्तिदंत, शिंग, कथील यांच्या बारीक काड्या करायच्या, नक्षी जुळेल अशी त्यांची मोळी बांधून चिकटवायची आणि मग आडव्या चकत्या कापायच्या. अळूवडीचा उंडा कापल्यावर प्रत्येक वडीत तोच गोल येतो ना, अगदी तसंच. प्रत्येक चकतीत तीच चांदणी. त्या चकत्या पेट्यांवर चिकटवायच्या. साहेबलोक या पेट्या विकत घेऊन मायदेशी न्यायचे आणि तिकडं त्यांचं नावच 'बॉम्बे बॉक्स' पडलं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये त्या आजही आहेत. म्हणजे लाकडाचे पातळ तुकडे जुळवून चित्र करणं आपल्या भागाला अगदीच परकं नाही. फक्त त्यात कबड्डी कुणी आणली नव्हती.

चित्र लाकडात कापायचं तर आधी ते कागदावर हवं. ते काढलं पेणच्या एका काकांनी. पेण म्हटलं की गणपती, हे तुम्हाला सांगायला नको. काका तिथल्या कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करतात. ज्यांनी ते काम बघितलंय त्यांना माहीत असेल, बुबुळ केसभर सरकलं तरी मूर्तीचा चेहराच बदलतो. असा हात असलेला माणूस मामाच्या ओळखीत एकच. आणि हे काका म्हणजे त्या रात्री मामाचा घोटा धरणारा डावा कोपरा. त्या सामन्यानंतर दोघं वर्षभर बोलले नव्हते. पुढं कुठल्याशा लग्नात एका पंगतीला बसले आणि तेव्हापासून घट्ट आहेत.

आधाराला एकच फोटो होता. रंगीत, पण इतका उडालेला की सगळे खेळाडू लालसर झालेत. त्यातून तो काढलेला मागच्या बाजूनं. त्यात काकांची पाठ दिसते, मामाचे तळपाय दिसतात, सरपंचांचा वर गेलेला हात दिसतो. बोट दिसत नाही.

काकांनी चित्र उलट्या बाजूनं काढलं, म्हणजे बघणारा मध्य रेषेच्या अलीकडं बसलाय आणि मामा त्याच्याकडं हात टाकतोय. कागद घेऊन मी पेणहून मेमूनं रोह्याला आलो. मधे कासू, नागोठणे, निडी, तेवढा वेळ मी गुंडाळी मांडीवर धरून बसलो होतो. मामानं ती उलगडली, खिशातून टेप काढली आणि सगळ्यात आधी बोट आणि रेषा यांच्यातलं अंतर मोजलं.

"दोन सूत," तो म्हणाला. "दोन सूत लांब काढलंय त्यानं मला."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरपेक्षा किंचित जास्त. सुतार अजूनही याच मापात बोलतात. तीन बाय दोन फुटांच्या चित्रात दोन सूत म्हणजे प्रत्यक्ष मैदानावर त्याच्या कितीतरी पट. मामाचं डोकंच फिरलं. काकांना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "अरे, घोटा माझ्या हातात होता. तू किती सरकलास ते मला माहीत."

पुढचे आठ दिवस बोटाचा विषय बाजूला ठेवून बाकीचं काम झालं, आणि ते सांगण्यासारखं आहे.

पहिली अडचण रंगाची. रोह्याच्या संघाची बनियन निळी होती आणि निळं लाकूड नसतं. डाय केलेलं विनियर बाजारात मिळतं, मी तेच सुचवलं. मामा म्हणाला, उन्हानं उडेल, आणि मग फ्लेक्सनं काय पाप केलं होतं? मग त्यानं जे केलं ते बघून मी गप्प झालो. दोन्ही संघांच्या बनियनी त्यानं सागवानाच्या एकाच पत्रीतून कापल्या. पेणवाल्यांच्या रेषा उभ्या, रोहेकरांच्या आडव्या. लाकडाच्या रेषा फिरल्या की त्यावरून उजेड वेगळा परततो. एका बाजूनं बघितलं तर पेणचा संघ उजळ दिसतो, चार पावलं सरकून बघितलं तर रोह्याचा. हे फोटोत येत नाही, मी खूप प्रयत्न केला.

मागचं रात्रीचं आकाश शिसवाचं, एका मोडलेल्या जुन्या पलंगाच्या पायातून कापलेलं. अंगाचे रंग सागवान आणि फणसाचे. फणस ताजा कापला की पिवळाधमक असतो, पुढं उजेडात तपकिरी होत जातो. मैदानाची माती पडौकची. तो सुरुवातीला जवळजवळ शेंदरी दिसतो आणि वर्षा-दोन वर्षांत विटकरीवरून तपकिरीकडं जातो. म्हणजे आज जे चित्र दिसतं ते दहा वर्षांनी तसं राहणार नाही, हे धरूनच लाकूड निवडावं लागतं. मध्य रेषेला मामानं शिवण घेतली, फिकट, दुधाळ.

कापायची पद्धत खिडकीची. मूळ पत्रीवर चित्र उतरवायचं आणि ज्या भागात दुसरं लाकूड हवंय तेवढा भाग कापून काढायचा. खिडकी तयार झाली. आता दुसरी पत्री खालून सरकवायची आणि खिडकीतून बघत बघत पुढं-मागं फिरवायची, जोवर तिच्या रेषा आपल्याला हव्या तशा येत नाहीत. मामाच्या खांद्याचा स्नायू असाच सापडला, सागवानाच्या एका गाठीशेजारी. मग खिडकीच्या कडेनं कटरचं टोक फिरवून खूण करायची, तुकडा कापायचा, बसवायचा, वरून कागदी टेप लावायची. असे एकशे चाळीसच्या वर तुकडे झाले.

सावलीसाठी रंग लावत नाहीत. कुंडलिकेची बारीक रेती चाळून, धुऊन, कढईत तापवायची, फुटाणे भाजतात तशी. तुकड्याची कड चिमट्यात धरून त्यात काही सेकंद खोचायची. कड करपते आणि आत जाताजाता फिकट होत जाते. गोलाई येते ती तिथून. जरा जास्त वेळ राहिलं की तुकडा आखडतो आणि परत खिडकीत बसत नाही. हे काम माझ्याकडं होतं. पहिले अकरा तुकडे मी जाळले.

एक मोठा घोळही झाला. उतरवताना ट्रेसिंगचा कागद आमच्याकडून उलटा लागला. अर्धं चित्र कापून झाल्यावर काका बघायला आले आणि दारातूनच ओरडले, "मला उजवा कोपरा केलास?" मामा डावखुरा झाला होता, छातीवरचे आकडे आरशातल्यासारखे. सरपंचांनी शिट्टीचा हातसुद्धा बदलला होता. चार दिवसांचं काम गेलं. जन्मभर डावा कोपरा खेळलेल्या माणसाला उजवीकडं उभं करणं म्हणजे काय, ते त्या दिवशी मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. ते खरोखर दुखावले होते.

चिकटवण्याचं काम आम्ही पाऊस संपेपर्यंत थांबवलं. आमच्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि लाकूड हवेतलं पाणी पिऊन आडवं फुगतं. ऑगस्टमध्ये जुळवलेला सांधा मार्चमध्ये उघडतो. शिवाय पत्री एकाच बाजूला लावली तर प्लाय पापडासारखा वळतो, म्हणून पाठीमागंही तेवढ्याच जाडीची एक साधी पत्री लावावी लागते. ती कुणाला कधी दिसत नाही.

तर सगळं झालं आणि उरलं ते बोट. मंडळाची माणसं दोनदा येऊन गेली. मी मामाला एक पळवाट सुचवली: बोटाभोवती धुरळा दाखव. भुसा आणि सरस कालवून माती उडाल्यासारखं करता येतं, म्हणजे ज्याला जे दिसायचं ते दिसेल. काकाही कबूल झाले असते. पण मामानं मान हलवली. "भुशानं भोक बुजवतात," तो म्हणाला. "सांधा चुकला की लावायचा तो. माझा सांधा चुकलेला नाही."

खरी गोची इथंच होती. मैदानावर रेषा फक्कीची होती, पुसट, पायांनी विस्कटलेली. आठवणीतही ती तशीच राहिली, म्हणून तीस वर्षं दोन्ही बाजूंना आपापलं म्हणणं खरं वाटत आलं. शिवणीच्या पट्टीला मात्र स्वच्छ कड असते. बोटाचा तुकडा तिला एक तर टेकतो, नाहीतर दोघांच्या मधे मातीचा तुकडा कापून बसवावा लागतो.

एका संध्याकाळी मी रेती चाळत बसलो होतो आणि मामानं बोटाची पत्री खिडकीखाली घातली. पुढं सरकवली, रेषेला टेकवली. बराच वेळ बघत राहिला. मग मागं घेतली. पुन्हा पुढं. रेकॉर्डर चालू होता. त्या भागात तुम्हाला सात-आठ मिनिटं फक्त पंख्याचा आवाज ऐकू आला असेल. काहींनी मेसेज केले की ऑडिओ गेलाय. गेला नव्हता.

शेवटी त्यानं कटर टेकवला आणि कापलं. मी काही विचारलं नाही. टेप लावून झाल्यावर तो स्वतःच बोलला, "बाद तर बाद. पण दोन सूत नव्हतं."

एक सूत ठेवलं होतं त्यानं. मधे पडौकचा एवढासा तुकडा, तांदळाच्या दाण्याएवढा.

काका चित्र बघायला आले ते पॉलिश झाल्यावर. चपड्याचे हात मारल्यावर शिसव असं काही उठून दिसत होतं की बाकी कुणाचं लक्ष बोटाकडं गेलंच नसतं. काकांनी चष्मा वर केला आणि अंगठ्याचं नख त्या फटीवर ठेवून बघितलं.

"एक सूत खाल्लंस रे," ते म्हणाले.

मामा म्हणाला, "तू घोटा सोडला असतास तर दोन्ही खाल्ली असती."

मग दोघं चहा प्यायला गेले आणि मी चित्रावर कापड टाकलं.

आता ते मंडळाच्या खोलीत टांगलंय, दरवाजासमोरच्या भिंतीवर, ऊन येणार नाही अशा ठिकाणी. त्याला काच लावलेली नाही, मामानं लावू दिली नाही. या थंडीतल्या स्पर्धेला मी गेलो होतो. सामन्यांच्या मधल्या वेळात गावातली पोरं आत यायची आणि एकेक करून त्या तांदळाएवढ्या तुकड्यावर बोट ठेवून बघायची. पडौक तिथं बाकीच्या मातीपेक्षा लवकर काळा पडायला लागलाय. मामाला सांगितलं तर म्हणाला, पडू दे.